मळ्यावरच्या विहिरीचे पाणी

नाशिक रोड,
५ मे

प्रिय खंडेराव,

सप्रेम नमस्कार. तुम्ही, कुसाबाई आणि घरातील सर्व मंडळी सुखरूप असाल, अशी आशा करतो. माझे येथे ठीक चालले आहे. प्रकृतीची विशेष तक्रार नाही. उकाडा सर्वांना आहे तसा मलाही आहे. त्यात पत्राने कळवण्यासारखे काही नाही.

हातात फोन असताना दाजींनी पत्र का लिहावे, असा प्रश्न तुम्हाला पडेल. त्याचे खरे उत्तर असे की, फोनवर मला बोलता येत नाही. ते खाते तुमच्या बहिणीकडे होते. उज्वला तुमच्याशी हवे तेवढे बोलून घेई आणि शेवटी "घ्या, ह्यांच्याशी बोला" म्हणून फोन माझ्याकडे देई. मग "काय दाजी, बरंय ना?" "बरं आहे. तुमचं?" "आमचंबी बरंच" एवढे झाले की आपण दोघेही सुटकेचा निःश्वास टाकत असू. गेल्या श्रावणात ती गेली आणि आपले तेवढे बोलणेही थांबले. यात दोष कोणाचाच नाही. मध्ये फोन देणारे कोणी उरले नाही, इतकेच.

गुरुवारी मी तुमच्या मळ्यावर येऊन गेलो, हे कुसाबाईंकडून समजले असेलच. तुम्ही लग्नासाठी देवळ्याला गेला होतात, त्यामुळे भेट झाली नाही. न कळवता आलो, याबद्दल क्षमस्व. मी मुळात पाहुणा म्हणून निघालोच नव्हतो.

त्याचे असे झाले. आमच्या सोसायटीत महापालिकेचे पाणी सध्या एक दिवसाआड येते. बोअर मार्चमध्येच कोरडा पडला. तेव्हापासून सर्व मदार टँकरवर आहे. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात माझी सारी नोकरी पाण्याच्या प्रयोगशाळेत गेल्यामुळे सभासदांनी पाण्याचा विषय माझ्या गळ्यात घातला आहे. आलेल्या प्रत्येक टँकरचा मी तांब्याभर नमुना घेतो, हेही आता सर्वांच्या सवयीचे झाले आहे. गेल्या आठवड्यात पाणी गढूळ आले. ते नेमके कोठे भरतात हे एकदा डोळ्यांनी पाहावे म्हणून मी चालक हिरामण याच्या शेजारी केबिनमध्ये बसलो. "साहेब, धूळ लय राहील, कपडे खराब होतील," असे तो दोनदा म्हणाला. सिन्नरचा रस्ता सोडून तो आत वळला, तेव्हा वळण मला ओळखीचे वाटले. तुमच्या मळ्याच्या तोंडाशी असलेला कडुनिंब आला तेव्हा शंका राहिली नाही.

कुसाबाई ओट्यावर कांदे निवडत होत्या. मला केबिनमधून उतरताना पाहून त्यांचा हात थांबला.

"अगं बया! दाजी, तुमी? टँकरात? गाडी इकली का काय?"

मी कामानिमित्त आल्याचे सांगितले.

"कामाला आले म्हून तरी आले. ताई गेल्यापासून तोंड दिसंना तुमचं. बसा, च्या ठिवते. आन हिरामण, त्यांना वाकून उतरायला नीट हात तरी द्यायचा!"

चहा उत्तम झाला होता. त्यांनी आग्रहाने दिलेली कुरडयांची पिशवी पोहोचली. त्या तळायच्या कशा हे मला अद्याप ठाऊक नाही, परंतु शिकेन. याबद्दल त्यांना माझे मनःपूर्वक आभार सांगावेत.

विहिरीचा तळ दिसत होता. असो.

मुलांना आशीर्वाद.

आपला,
सोमनाथ आहेर


नाशिक रोड,
१२ मे

प्रिय खंडेराव,

मागील पत्र पोहोचले असावे. त्यात मी चहाबद्दल आभार मानले आणि ज्यासाठी लिहायला बसलो होतो ते "असो" म्हणून टाळले. तुमच्या बहिणीला माझा हा "असो" मुळीच आवडत नसे. तिच्या मते मी तो दाराला कडी लावावी तसा वापरतो. तेव्हा आज कडी काढून लिहितो.

विहीर तुमची आहे, हे उज्वलाला दोन उन्हाळ्यांपूर्वीच कळले होते. टँकर आमच्याकडे तेव्हाच पहिल्यांदा सुरू झाले. महापालिकेचे पाणी आले नव्हते, म्हणून तिने टँकरचे पाणी माठात भरले, एक घोट घेतला आणि भांडे तसेच हातात धरून म्हणाली, "हे आमच्या मळ्यावरच्या विहिरीचं आहे." मी रसायनशास्त्राचा माणूस. मी तिला समजावून सांगितले की पाण्याला चव नसते. चव असते ती त्यात विरघळलेल्या क्षारांना, आणि तसे क्षार अर्ध्या तालुक्यातील विहिरींत सापडतील. ती म्हणाली, "तुमचे क्षार तुमच्याजवळ ठेवा. ह्या पाण्यात डाळ शिजत नाही, पण तहान भागते. मी लहानपणापासून पितेय." नंतर तिने तुम्हाला फोन केला आणि तुम्ही दोघे कितीतरी वेळ हसत होतात. "माहेर नळाला आलं बघ, खंडू," असे ती म्हणाल्याचे मला आठवते. मला वाटले, ही भावंडांची थट्टा आहे. गुरुवारी कडुनिंबापाशी मला समजले की तिचे निदान माझ्या प्रयोगशाळेपेक्षा अचूक होते.

यात तुमची मी तक्रार करतो आहे, असे कृपया समजू नये. विहीर तुमची, पाणी तुमचे. कांदा करण्यापेक्षा उन्हाळ्यात टँकरला पाणी विकणे निश्चिंतीचे, हे कोणालाही समजेल. आम्हालाही टँकर बोलावणे निश्चिंतीचे आहे. दोन्हीकडे निश्चिंती असल्यामुळे कोणी काही विचारत नाही.

परंतु त्या दिवशी हिरामणने मोटार लावून टँकर भरायला घेतला, तेव्हा खालच्या वस्तीतल्या बायका हंडे घेऊन बांधावर बसलेल्या मी पाहिल्या. मी कुसाबाईंना त्याबद्दल विचारले.

"त्यांचा हातपंप आटला. कोन नाय म्हनतं त्यांला? टँकर भरला का घ्या म्हनावं."

टँकर भरला. मोटार बंद झाली. विहिरीत तेव्हा गाळमिश्रित पाण्याचे डबके तेवढे उरले होते, आणि पुन्हा पाझर फुटून घागर बुडेल इतके पाणी जमेपर्यंत त्या बायकांना बसावेच लागणार होते. त्यांच्यातील एक वयस्कर बाई, सुलाबाई नावाने बाकीच्या त्यांना हाक मारत होत्या, माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "पाव्हनं कुठलं?"

"नाशिक रोडचा."

"मग तुमचंच भरनं चाललंय की. भरा, भरा. शहराची तहान मोठी."

बाकीच्या हसल्या. त्या हसण्यात राग नव्हता.

परतताना केबिनमध्ये हिरामणने गाणी लावली. मी मात्र आमच्या इमारतीचा विचार करत होतो. प्रथम आम्हाला नळाचे पाणी पुरत असे. ते पुरेना तेव्हा आम्ही बोअर घेतला. तो आटला तेव्हा अधिक खोल नेला. तोही आटला तेव्हा टँकर बोलावला. प्रत्येक वेळी आम्ही आपल्याला हुशार समजलो आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट केली : पाणी आणखी लांबून आणले. आम्ही वापरतो किती आणि कशासाठी, हा प्रश्न एकाही सभेत निघाला नाही. ज्या दिवशी टँकर येतो त्या दिवशी खाली मोटारी धुतल्या जातात, हे मी स्वतः खिडकीतून पाहत आलो आहे. वीजकेंद्रात आम्ही तेच पाणी थंड करून पुन्हा पुन्हा फिरवत असू. ताजे पाणी घेण्यापूर्वी कारण लिहावे लागे. तेथे जे शिस्त म्हणून केले ते घरी करावे, असे निवृत्तीनंतर इतकी वर्षे माझ्या मनात आले नाही. अडचणीच्या काळात माणसाने बादलीपुरता विचार करू नये, बादली जेथून भरते तेथपर्यंत करावा, असे मला आता वाटते. हे वाक्य भाषणासारखे झाले. तरी राहू द्यावे.

आता मुख्य गोष्ट. येत्या रविवारी आमची सर्वसाधारण सभा आहे. तीत मी टँकर बंद करण्याचा ठराव मांडणार आहे. आंघोळीचे व धुण्याचे पाणी शौचालयांना फिरवायचे, मोटारी धुणे बंद, नळाचे पाणी ठरावीक वेळी सोडायचे, आणि गच्चीवरचे पावसाचे पाणी यंदापासून बोअरमध्ये उतरवायचे, अशी योजना मी आखली आहे. ठराव मंजूर झाल्यास तुमचे नुकसान होईल. ते भरून देण्याचा उपाय माझ्याजवळ नाही आणि तसा आव मी आणत नाही. ही बातमी तुम्हाला हिरामणकडून कळण्याऐवजी माझ्याकडून कळावी, यासाठी हा खटाटोप.

तुमच्या रागाचा मी आदर करीन.

आपला,
सोमनाथ आहेर


नाशिक रोड,
२७ मे

प्रिय खंडेराव,

सभेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तुमचा फोन आला तेव्हा मी नीट बोललो नाही. तुम्ही म्हणालात, "दाजी, ताई गेली आन तुमी पाणीबी तोडायला निघाले." मी म्हणालो की दोन्ही विषय स्वतंत्र आहेत. मग तुम्ही विचारलेत, "ताई असती तर केलं असतं का तुमी हे?" आणि मी "सभेची तयारी करायची आहे" असे सांगून फोन ठेवला. त्या प्रश्नाचे उत्तर मी या पत्रात देणार आहे. त्याआधी सभेत काय झाले ते क्रमाने सांगतो, कारण क्रम सोडला की माझे चित्त ठिकाणावर राहत नाही.

अध्यक्ष कुंदनशेठ यांनी ठराव वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला. "आहेर साहेब, आपण पैसे देतो, तो पाणी देतो. यात मधल्या मध्ये तुमचं काय दुखतंय?"

मी वस्तीतल्या हातपंपाबद्दल सांगितले. मागून कोणीतरी म्हणाले, "ते सरकारने बघायचं." आमच्या मजल्यावरची तेजल बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. ती भली मुलगी आहे, उज्वलाच्या शेवटच्या दिवसांत रोज भाजी देऊन जाई. ती म्हणाली, "काका, मला तुमचं पटतं. पण हिचे कपडे दिवसातून चारदा धुवावे लागतात. नळ गेला तर मी काय करू, सांगा ना." तिच्या घरी दोन बादल्या मी स्वतः पोचवीन, असे मी म्हणालो, आणि सभेत हशा पिकला.

मग तेजलचा नवरा सार्थक बोलला. त्याचा हेतू वाईट नव्हता. "काका, रागावू नका, पण तुम्ही एकटे. एक ताट, एक वाटी, दोन कपडे. तुम्हाला पाणी लागतं किती? एकट्याला असलं सोपं असतं."

खंडेराव, मला त्याचा राग आला नाही. परंतु माझ्या हातातले कागद काही क्षण मला वाचता आले नाहीत. मी चष्मा पुसला. काहीतरी बोलायला हवे होते, म्हणून जे सांगणार नव्हतो ते सांगून बसलो : "ती विहीर माझ्या मेहुण्याची आहे."

कुंदनशेठ म्हणाले, "म्हणजे? घरचंच गिऱ्हाईक तोडताय? मग काही खरंच असेल बुवा." व्यापारी माणसाला माझी सगळी योजना जे पटवू शकली नाही ते या एका वाक्याने पटले. तेजल म्हणाली, "पाऊस लागेपर्यंत करून बघू. नाही जमलं तर काकांना धरू." हात वर झाले. सार्थकने बायकोकडे पाहिले आणि त्यानेही केला. थोड्या मतांच्या फरकाने का होईना, ठराव मंजूर झाला.

तेव्हापासून सोसायटीत माझ्याइतका अप्रिय माणूस नाही. लिफ्टमध्ये मी शिरलो की बोलणे थांबते. पाण्याचा वॉल्व्ह मीच उघडतो आणि बंद करतो, त्यामुळे साबण लावलेल्या अवस्थेत अडकलेल्या सर्वांना शिव्या कोणाला द्यायच्या हे ठाऊक आहे. तेजलच्या दारात बादल्या पोचवतो. "काका, असू द्या, सार्थक आणेल," असे ती म्हणते आणि सार्थक आतून "हो, हो, आणतो" म्हणतो. कसेबसे जमते आहे. नाही असे नाही.

आता तुमचा प्रश्न.

उज्वला असती तर मी हे केले असते का? नसते केले. तिला ते पाणी आवडत होते आणि तिला आवडणारी गोष्ट घरात येत असताना ती कोणाच्या वाटची आहे हे विचारण्याचा स्वभाव माझा नव्हता. ती होती तोवर माझे जग आमच्या दाराच्या उंबऱ्यापाशी संपत होते आणि ते मला पुरत होते. तिने मात्र कधीतरी विचारले असते, असे मला वाटते. किंवा नसतेही. गेलेल्या माणसाच्या नावावर आपले शहाणपण जमा करणे बरोबर नाही. ती हसून म्हणाली होती की माहेर नळाला आले. ती सुखी होती. तेवढेच मला निश्चित ठाऊक आहे.

आणि दुसरी गोष्ट, जी मी कोणालाही सांगितलेली नाही.

मी टँकरचा नमुना घेतो, असे तुम्हाला लिहिले होते. सोसायटीतही तसेच समजतात. प्रत्यक्षात मी कोणतीही तपासणी करत नव्हतो. तांब्या घेऊन खाली जायचो, हिरामण नळीतून भरून द्यायचा, आणि वर येऊन दार लावून मी ते पाणी पीत असे. न उकळता, न गाळता. ज्याने आयुष्यभर पाणी शुद्ध करण्याचा पगार घेतला तो मी. डॉक्टरांनी विचारले असते तर मला खाली पाहावे लागले असते. या घरात तिची साडी आहे, तिचा चष्मा आहे, भिंतीवर तिचा फोटो आहे, परंतु त्यांपैकी काहीही नव्याने येत नाही. विहीर कोणाची हे तेव्हा ठाऊक नसले तरी तिला आवडणारे ते पाणी तेवढे नव्याने येत असे.

ती गेल्यानंतर हिवाळाभर टँकर बंद होते. नळाला मुबलक पाणी होते. धरणसाठा कमी होत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा शेजारी चिंता करत आणि मी, खंडेराव, मी वाट पाहत होतो. शहर तहानलेले व्हावे म्हणजे टँकर सुरू होतील, असे मला वाटत होते. पहिला टँकर फाटकातून आत आला तेव्हा मी जिन्याने धावत उतरलो. लिफ्टची वाट पाहिली नाही. बांधावर हंडे घेऊन बसलेल्या त्या बायका मला दिसल्या तेव्हा प्रथम तुमच्याबद्दल काही वाटले नाही, सोसायटीबद्दलही नाही. मला वाटले, मी इतके दिवस ज्याची वाट पाहत होतो ते हे होते.

म्हणून ठराव मांडला. सभेत मोठमोठे मुद्दे मांडले, ते खरेच आहेत, आणि त्यांच्यासाठी मी साबणाने माखलेल्या माणसांच्या शिव्या खायला तयार आहे. परंतु पहिला टँकर मला माझा बंद करायचा होता.

आधीच ठरलेल्या फेऱ्यांपैकी शेवटची परवा झाली. हिरामण म्हणाला, "साहेब, भरू का तुमचा तांब्या?" मी म्हणालो, "नको." त्याने तरी भरला. "घ्या हो. मला काय, दुसरीकडे गिऱ्हाईक मिळंल. तुमचंच अवघड हाय." मी फाटकापाशी उभ्या उभ्याच प्यायलो. दार लावण्याची गरज वाटली नाही.

तो म्हणाला ते खरे असेल. तुम्ही ते पाणी दुसऱ्या सोसायटीला द्याल. मी अडवू शकत नाही आणि अडवणारही नाही. तुमच्या विहिरीबाबत निर्णय तुमचा. कुसाबाईंनी आज सकाळी फोन केला होता. "दोन दिस झाले मोटार बंद हाय, बाया भरून नेतात. तुमचा मेहुना कोनाशी बोलत नाय. तुमच्यावर तर लयच तापलाय," असे त्या म्हणाल्या, आणि मग विचारले, "कुरडया तळल्या का?" मी तळल्या. पहिल्या करपल्या. दुसऱ्या ठीक झाल्या.

येत्या श्रावणात उज्वलाचे वर्षश्राद्ध आहे. आम्हाला मूलबाळ नाही, हे तुम्ही जाणताच. गुरुजींनी विचारले की तिच्या माहेरचे कोण येणार; मी सांगितले की अजून ठरायचे आहे. खरे म्हणजे तिच्याशिवाय मी तुमचा कोण, हे मला ठरवता येत नाही. भाऊ नव्हे, मित्रही नव्हे. तुमच्या उत्पन्नावर पाणी सोडायला लावणारा नाशिक रोडचा एक निवृत्त माणूस. अशा माणसाच्या घरी कोणी का यावे, याचे कारण मी शोधले. मला सापडले नाही.

तरीही तुमचे पान मी मांडणार आहे. कुसाबाईंचेही. स्वयंपाक घरीच करीन, बाहेरून मागवणार नाही. डाळ महापालिकेच्या पाण्यात शिजते, त्यामुळे ती चांगली होईल. तुम्ही रागातच यावे. राग घालवून यावे अशी माझी अपेक्षा नाही. जेवताना बोललो नाही तरी चालेल. "बरं आहे ना" एवढे विचारावे, "बरं आहे" एवढे मी म्हणेन, आणि त्यानंतर फोन ठेवायचा नसल्यामुळे आपल्याला आणखी काहीतरी बोलावे लागेल. काय, ते मलाही माहीत नाही.

पत्राचे उत्तर पाठवू नये. ते मी वाचू शकेन, पण त्याच्यासमोर ताट ठेवता येणार नाही.

तुमच्या येण्याकडे कान लावून बसलेला,
सोमनाथ